उंदीरखोलीच्या यशोधराबाई

आमच्या कॉलेजच्या एका फाईलमध्ये दीड पानाचा चौकशी अहवाल आहे. प्राणीगृहाच्या परिचर यशोधराबाई यांच्या हलगर्जीपणामुळे पैदाशीच्या उंदरांचं नुकसान झालं, असं त्यात लिहिलंय. खाली तीन सह्या आहेत आणि तिसरी माझी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर तोंडसुख घेणार आहे आणि त्या रांगेत मीही उभा आहे, हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

कॉलेजचं नाव सांगत नाही. नागभीड आणि ब्रह्मपुरीच्या मधलं, तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, असलेलं एक कॉलेज समजा. मी तिथे प्राणिशास्त्र शिकवतो. सायकल स्टँडच्या पलीकडे दोन खोल्या आहेत, तिथे संशोधनासाठी पांढरे उंदीर पाळलेले असतात. कागदावर ते प्राणीगृह. तोंडात मात्र सगळ्यांच्या उंदीरखोली. यशोधराबाईंनी तिथे बावीस वर्षं काढली. प्राचार्य आले, गेले, विभागप्रमुख आले, गेले, उंदरांच्या तर किती पिढ्या गेल्या ते त्याच जाणोत.

ठेंगणा बांधा, सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली, आणि केस कायम कोरडे. केसांचं मला आधी नवल वाटायचं, कारण आमच्याकडच्या बायका तेलाशिवाय घराबाहेर पडत नाहीत. मग कळलं की बाई सोमवार ते शनिवार डोक्याला तेल लावत नाहीत, फुलं माळत नाहीत, पावडरसुद्धा नाही. रविवारी सगळी हौस भागवून घ्यायच्या. खोलीत जाण्याआधी हात धुण्याच्या सोड्यानं चोळून धुवायच्या आणि स्वतः एकदा हुंगून बघायच्या. दाराबाहेर चपलांचे दोन जोड असायचे, एक नरांच्या खोलीसाठी आणि एक माद्यांच्या. नर-मादी हे शब्द आमचे. बाई त्यांना गडी आणि बाया म्हणत, आणि सगळ्यांना मिळून 'हे लोक'. हे लोक आज रुसले. हे लोक रात्रभर जागले. आम्हा प्राध्यापकांना त्या 'सर लोक' म्हणायच्या, आणि दोन्हींतल्या कुणाबद्दल त्यांच्या आवाजात जास्त आदर होता ते मी कधी विचारलं नाही.

दारावर त्यांची स्वतःची चौकी होती. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेला तोबरा, खाल्लेला माणूस आत जाणार नाही. आमच्या भागात हा नियम लावायचा म्हणजे अर्धा स्टाफ बाहेर ठेवण्यासारखं आहे, पण बाईंनी तो लावला होता. एकदा विद्यापीठाचे तपासणीसाठी आलेले पाहुणे अंगावर भरपूर सेंट मारून आले होते. प्राचार्य पुढे, पाहुणे मधे, आम्ही मागे. बाईंनी दारात हात आडवा धरला. म्हणाल्या, "साहेब, तुमी खिडकीतून पहा. तुमचा वास लय हाये." प्राचार्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. पाहुणे खिडकीशी गेले, आणि त्यांचं नाक काचेच्या फटीजवळ येताच आतले उंदीर खाणं सोडून कोपऱ्यात दाटीनं बसले. पाहुणे बराच वेळ बघत राहिले आणि मागे फिरले. प्राचार्यांनी नंतर बाईंना ऑफिसात बोलावून झापलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि परत येऊन दारात तशाच उभ्या राहिल्या.

त्यांचं शिक्षण दहावी. उंदरांचं जे काही कळत होतं ते त्यांना बापाकडून आलेलं. बाप भूमिहीन. धान कापणी झाली की बांध्यांच्या धुऱ्यावरची, मातीच्या बांधावरची, उंदरांची बिळं खणून, उंदरांनी साठवलेल्या लोंब्या काढून आणायचा. त्यावर घराचे काही आठवडे निघायचे. कोणत्या बिळात उंदीर नांदतो आणि कोणतं बीळ सोडून गेलेलं आहे, हे तो जमिनीला नाक लावून सांगायचा, आणि पोरीलाही लावायला सांगायचा. बाई हे अगदी सहज सांगायच्या. ऐकताना मला वाटायचं, आपण फी भरून जे शिकलो ते ही बाई पोटासाठी शिकली.

पिंजरे धुण्याचा वार शुक्रवार. राईस मिलमधून आणलेला धानाचा कोंडा उन्हात तापवून त्या पिंजऱ्यात अंथरायच्या. पण जुना कोंडा सगळा टाकायच्या नाहीत. उंदरांनी झोपण्यासाठी कुरतडून केलेली जागा, तेवढीच कोरडी मूठभर, नव्या अंथरुणात ठेवायच्या. ओला कोपरा मात्र पार काढून टाकायच्या. मी म्हणालो, बाई, स्वच्छ करायचं तर पूर्ण करा. त्यांनी एका पिंजऱ्यातलं सगळं बदलून मला दाखवलं. तासाभरात चार भाऊ असलेले नर एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

"याइचं घर पुसल्या गेलं ना सर," त्या म्हणाल्या. "आता कोन कोनाचा, याइले समजून नाई राह्यलं."

माझी पीएचडी त्यांच्यामुळे झाली. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय, आणि लिहिताना कान तापतात. मी भुलभुलैयाच्या पेटीत उंदीर सोडून त्यांची स्मरणशक्ती तपासत होतो. पहिला उंदीर नीट चालायचा, दुसरा नीट, आणि एखाद्या दिवशी अचानक तिसऱ्यापासून पुढचे सगळे दारातच दगड होऊन बसायचे. सहा महिने मी आकडे गाळत होतो आणि नशिबाला शिव्या देत होतो. एक दिवस बाई पेटीजवळ येऊन उभ्या राहिल्या. मधेच एक उंदीर पेटीच्या काठावरून खाली पडला होता, मी तो उचलून परत ठेवला होता.

"सर, थो पडलेला भेला होता," त्या म्हणाल्या. "त्याचं भेव पेटीत राह्यलं. धुवून टाका."

पेटी धुतली आणि उंदीर चालायला लागले. घाबरलेल्या उंदराच्या अंगातून एक वास सुटतो आणि दुसऱ्या उंदराला तो धोक्याची खबर देतो, हे मी नंतर वाचून काढलं आणि प्रबंधात एक अख्खं प्रकरण त्यावर लिहिलं. परीक्षकांनी वाहवा केली. ऋणनिर्देशात मी मार्गदर्शकांचे, प्राचार्यांचे, पत्नीचे, सासऱ्यांचे आणि टायपिंग करून देणाऱ्या दुकानदाराचे आभार मानले. यशोधराबाईंचं नाव त्यात नाही. विसरलो असतो तर एक वेळ चाललं असतं. मला आठवत होतं, आणि परिचराचं नाव प्रबंधात कसं दिसेल असं मी मनात म्हणालो होतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवीन विभागप्रमुख आले. हुशार गृहस्थ, बोलण्यात फर्डे. कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती येणार होती आणि त्यांना सगळं चकाचक हवं होतं. उंदरांच्या दोन खोल्यांपैकी एक रिकामी करून तिथे तक्ते आणि स्क्रीन लावायची, नर-माद्या सगळे दुसऱ्या खोलीत, पिंजरे फिनाईलनं धुवायचे, जुना कोंडा कणभरही दिसता कामा नये, असा हुकूम निघाला. भरीला त्यांनी नागपूरहून नवे दणदणीत नर मागवले होते, समितीला दाखवायला. ते माद्यांच्या पिंजऱ्यांना लागून मांडायचे होते.

नेमक्या त्याच आठवड्यात बाईंनी बारा माद्या वेगळ्या काढल्या होत्या. दोन-तीन दिवसांपूर्वीच त्या फळल्या होत्या. या विणीवर प्रमुखांचाच एक मोठा प्रकल्प उभा राहायचा होता. बाई त्यांच्या केबिनच्या दारात गेल्या तेव्हा मी आत बसलो होतो. त्या म्हणाल्या, सर, पाच-सहा दिवस थांबा. नवे गडी या बायांच्या नाकाजवळ नका ठेवू. ज्याच्यासंगं राह्यल्या त्याचा वास त्यांना ओळखीचा असतो. परक्याचा वास आला तर पोट जाते.

प्रमुख हसले. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "नाकाचा आणि पोटाचा काय संबंध, सर?"

आणि मी, ज्याने पंधराच दिवसांपूर्वी एमएस्सीच्या वर्गात फळ्यावर रंगीत खडूंनी हाच संबंध काढून दाखवला होता, तो मी हसलो.

काय शिकवलं होतं तेही सांगतो, म्हणजे माझं हसणं किती हलकटपणाचं होतं ते कळेल. उंदराच्या नाकाच्या तळाशी, नेहमीच्या नाकाखेरीज, एक दुसरं बारीकसं नळीसारखं इंद्रिय असतं. दुसऱ्या उंदराच्या मुताला तोंड-नाक लागलं की त्यातली खबर हे इंद्रिय उचलतं आणि मेंदूच्या पुढच्या टोकाला यासाठीच राखलेल्या एका भागाकडे पाठवतं. तिथून ती थेट मेंदूच्या आतल्या, राग, भीती, माया आणि संभोग चालवणाऱ्या केंद्रांकडे जाते. मादी ज्या नराबरोबर राहिली त्याचा वास तिच्या मेंदूत नोंदला जातो. पहिल्या काही दिवसांत परक्या नराचा वास पोचला तर मेंदू गर्भ धरून ठेवणारं रसायन बंद करतो आणि गर्भ रुजतच नाही. हे पाठ्यपुस्तकात आहे. ते पुस्तक आमच्या ग्रंथालयात आहे, प्रमुखांनी स्वतः मागवलेलं आहे. मुलांनी त्या तासाला टाळ्या वाजवल्या होत्या.

मग मी का हसलो? माझी बढतीची फाईल त्यांच्या टेबलावर होती. एवढंच कारण. दुसरं काही मोठं कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं.

हुकुमाप्रमाणे झालं. बाईंनी पिंजरे धुतले, कारण नोकरी होती. तिसऱ्या दिवशी नरांत मारामाऱ्या सुरू झाल्या आणि दोन नर चावे लागून मेले. समिती आली, तक्ते बघून, चहा पिऊन गेली. वीस-बावीस दिवस झाले, पंचवीस झाले. बारापैकी एकीलाही पिल्लं झाली नाहीत. प्रकल्पाचं वर्ष वाया गेलं आणि वर जाब द्यायची वेळ आली. तेव्हा प्रमुखांनी तीन जणांची चौकशी समिती नेमली. तीन डॉक्टरेट, एका टेबलामागे. बाईंना स्टूलही दिलं नव्हतं. मी दिलं असं लिहायला आवडलं असतं, पण मीही दिलं नाही.

प्रश्न विचारले गेले. पाणी वेळेवर दिलं होतं का. खाद्य बुरशीचं होतं का. आपण रोज पाचच्या आत निघून का जाता. बाईंच्या गावाच्या वाटेवर तेव्हा वाघाचा वावर होता आणि पाचनंतर जीपवाले जंगलातून जात नाहीत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तरी ते लिहून घेतलं गेलं, 'कामाच्या वेळेत अनुपस्थित' असं. बाई सगळ्याला शांतपणे उत्तरं देत होत्या. शेवटी म्हणाल्या, मी एक गोष्ट सांगू का.

"बाया घ्या सारख्या वयाच्या. अर्ध्याइच्या बाजूले त्याइचाच गडी ठेवा, अर्ध्याइच्या बाजूले परका. खाणं एक, पाणी एक, खोल्या दोन. वीस दिवसांत दिसन. माही चूक असन तर दोहीकडं पिल्लं होनार नाईत."

मी पुन्हा लिहितो, कारण त्या दिवशी कुणी ऐकलं नाही. दहावी शिकलेल्या, उभ्या ठेवलेल्या एका बाईनं आमच्यासमोर एक निर्दोष प्रयोग मांडला होता. एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे समजावताना आमचा घसा बसतो. आणि तीन डॉक्टरांपैकी एकजण म्हणाला, "आता तुम्ही आम्हाला प्रयोग शिकवणार का?" दुसऱ्यानं घड्याळ बघितलं. तिसरा मी.

अहवाल टाईप होऊन आला. मी पेन काढलं आणि सही केली. बाईंच्या सेवापुस्तकात लाल शाईनं शेरा पडला आणि त्यांची बदली ग्रंथालयात झाली, पुस्तकं झाडायला. बावीस वर्षांनंतर त्या सोमवारी डोक्याला तेल लावून आल्या. ते तेल बघून मला जेवण गेलं नाही, हे खरं आहे, आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता हेही खरं आहे.

त्यांनी भांडण केलं नाही, पण गप्पही बसल्या नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या प्राचार्यांच्या ऑफिसात एक अर्ज द्यायच्या. मजकूर तोच. मला पुन्हा उंदीरखोलीत पाठवा असं त्यात नसायचं. फक्त, ते लोक माझ्या हातून मेले नाहीत, तेवढा शेरा काढून टाका. बाबू अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा आणि खालच्या कप्प्यात टाकायचा.

माझी बढती झाली. झाल्यावर मला धीर आला, म्हणजे जो धीर असून नसल्यासारखा असतो तसला. तक्त्यांची खोली एव्हाना पुन्हा उंदरांकडे आली होती. मी उंदीरखोलीत बाईंनी सांगितला तसा प्रयोग केला, कुणाला न विचारता. सोळा माद्या, आठ-आठ. ओळखीच्या नराशेजारच्या आठपैकी सातजणींना पिल्लं झाली. परक्या नराशेजारच्या आठपैकी दोघींना. मी कागद घेऊन प्रमुखांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, छान आहे, पुढच्या परिषदेत वाचू या, माझं नाव पहिलं टाका. मी म्हणालो, अहवाल मागे घेऊ या. ते म्हणाले, गेलेली गोष्ट कशाला उकरता. मी म्हणालो, मग निदान बाईंचं नाव टाकू या. त्यावर ते इतक्या मनापासून हसले की मला माझंच ते जुनं हसणं आठवलं.

शोधनिबंध मी दिला नाही. माझ्या शूरपणाची तेवढीच मजल. सही मागे घेत असल्याचं पत्र प्राचार्यांना दिलं. त्याला उत्तर नाही. मग स्मरणपत्र, मग आणखी एक. आता माझीही पत्रं बहुतेक त्याच खालच्या कप्प्यात असतील. मात्र उंदीरखोलीच्या भिंतीवर सध्या एक चकचकीत फलक लागलाय. अत्तर लावून येऊ नये, झोपण्याच्या जागेचा कोंडा थोडा शिल्लक ठेवावा, नर-मादी वेगळ्या खोल्यांत ठेवावेत, पेटी प्रत्येक वेळी धुवावी. खाली 'संकल्पना' म्हणून प्रमुखांचं नाव. तो फलक बघितला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दर शुक्रवारी मी त्याच्यासमोरून जातो.

बाई मागच्या मे महिन्यात निवृत्त झाल्या. शेरा तसाच. निरोपाला शाल, नारळ आणि प्रमुखांचं भाषण, ज्यात त्यांना 'आमच्या परिवाराच्या सदस्य' म्हटलं गेलं. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी उभ्या राहून विचारलं, "माह्या अर्जाचं काय झालं?" सूत्रसंचालकानं घाईघाईनं अल्पोपाहाराची घोषणा केली.

मी त्यांना सोडायला जीप स्टँडवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. जीप भरायची होती, म्हणून आम्ही पानठेल्याच्या सावलीत उभे राहिलो. दोन वर्षं जे सांगायचं होतं ते मी एका दमात सांगून टाकलं. प्रयोगाचं सांगितलं, सात आणि दोन हे आकडे सांगितले. तुमचं खरं निघालं म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यात त्यांना नवीन काही नव्हतं. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "सर, हे तुमाले कवा समजलं? आता, प्रयोग केल्यावर?"

खोटं बोलणं सोपं होतं. 'हो' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नाही बाई. त्या दिवशी केबिनमध्ये बसलो होतो तेव्हाच माहीत होतं. मी ते शिकवतो."

जीपवाला ब्रह्मपुरी, ब्रह्मपुरी असं ओरडत होता. त्यांनी शाल-नारळाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मले वाटे, सर लोकायले हे खरंच माईत नाई," त्या म्हणाल्या. "माईत नाई त्याइचा राग काऊन धरावा, म्हनून मी दोन वर्सं कोनाचाच राग धरला नाई."

त्या जीपमध्ये मधल्या सीटवर, दोन बायकांच्या मधे बसल्या. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या, आणि जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडे वळून पाहिलं नाही.